फलकावरचे दात

बसथांब्यासमोरच्या इमारतीवर लेकीचा चेहरा लावलेला दिसला, तेव्हा तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच, की हे दात हिचे नव्हेत. चेहरा लेकीचाच होता. कपाळ तिचं, कानामागे खोचलेले केस तिचे, फोटो काढताना डोळे जरा जास्तच ताणायची खोडही तिचीच. पण उघड्या ओठांतून जी रांग बाहेर बघत होती ती सरळसोट, पांढरीफेक, कुणाच्याही तोंडात बसेल अशी. लेकीचा डावा सुळा शेजारच्या दातावर चढलेला आहे. दुधाचे दात पडून नवे यायला लागले तेव्हा तो जागा नसताना मध्येच घुसला आणि अंग चोरून, वाकडा होऊन, पण ठाम उभा राहिला. लेक मनापासून हसली की वरचा ओठ त्या दातावर क्षणभर अडकतो आणि मग सुटतो. ते अडकणं आणि सुटणं जगात फक्त आईला माहीत आहे, अशी तिची समजूत होती. आणि आता कुणीतरी तो दात पुसून टाकला होता, काचेवरचा डाग पुसावा तसा. दाराएवढं तोंड आणि त्यात नवी बत्तीशी. आजूबाजूची माणसं फोनमध्ये तोंड घालून उभी होती. एक बाई कचाकचा सफरचंद खात होती. बस आली तशी ती चढली आणि फलकाकडे पाठ होईल अशा बाजूला बसली, तरी ते दात मानेला लागत राहिले.

दातांच्या बाबतीत तिला फसवणं सोपं नव्हतं. एका तळघरातल्या लॅबमध्ये ती कवळ्या बनवायची. दातांचे डॉक्टर माणसांच्या तोंडाची मापं घेऊन पाठवत. गुलाबी, रबरासारख्या लगद्यात उमटलेले टाळू, हिरड्या, उरलेसुरले खुंट. मापाला कधी लाळ चिकटलेली असे, कधी रक्ताचा धागा, कधी न्याहारीतला एखादा कण. ती माप नळाखाली धुऊन त्यात प्लास्टर ओती आणि दुसऱ्या कामाला लागे. याची तिला कधी किळस आली नव्हती. परक्याची लाळ ती शेवटी परक्याची. हात धुतले की गेली. घरच्या माणसांच्या तोंडाची किळस यायला लागली ती अलीकडे, त्या दिवशीच्या जेवणापासून. लेकीनं त्या दिवशी चमचा ताटात ठेवला आणि म्हणाली, "मी मोठ्या कॉलेजात जाणार नाहीये. तिकडच्या कॉलेजात जाते." सर चावता चावता थांबले. तिचा नवरा क्लास चालवायचा, गल्लीपासून गावापर्यंत सगळे त्याला सर म्हणत, आणि लेक सोडली तर हळूहळू घरातही तेच झालं होतं. बायकोच्या मनातसुद्धा त्याचं नाव सरच होतं. तर सर थांबले, पण तोंड मिटायचं विसरले. अर्धवट चावलेलं अंडं आणि ब्रेड जिभेवर तसंच पडलेलं तिला दिसलं. "तिकडच्या म्हणजे?" त्यांनी विचारलं. "आई आणि मी जाऊन आलो ते." "ते? अगं, ते कुणाला माहीत आहे?" "मला माहीत आहे," लेक म्हणाली. मग सरांनी गिळलं. गिळताना त्यांच्या गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. "छोटं असतं तरी चाललं असतं," ते म्हणाले, "निवडक मुलांनाच घेतात असं सांगता आलं असतं लोकांना. हे ना धड मोठं ना धड छोटं. मधलंच काहीतरी. इतके मार्क काय मधल्या कॉलेजात जायला पाडले आपण?"

आपण. तो शब्द तेव्हा तिला खुपला नव्हता, कारण तीही तोच वापरायची. आपल्याला पैकीच्या पैकी मिळाले. आपला नंबर मोठ्या कॉलेजात लागला. त्या जेवणाच्या वेळी तिला किळस आली ती सरांची नव्हे, लेकीची. घासात केस लागावा तशी. इतकं वाढवलं, आजारपणं काढली, परीक्षेच्या दिवसांत घरात पावलं न वाजवता फिरलो, आणि बाईसाहेबांना हे घर एका रात्रीच्या आणि वर अर्ध्या दिवसाच्या प्रवासाइतकं लांब हवंय. कशासाठी, तर बुरशीसाठी. तिचं तोंड वाकडं झालं असणार. लेकीनं तिच्याकडे एकदा बघितलं आणि चमचा उचलून पुन्हा जेवायला लागली.

बुरशीचं प्रकरण जुनं होतं. शाळेत असताना कधीतरी लेकीनं ब्रेडचा तुकडा बरणीत घालून पलंगाखाली ठेवला. मग लिंबाची साल, मग चामड्याच्या चपलेचा पट्टा. प्रत्येक बरणीत वेगळा केसाळ थर. हिरवट, राखाडी, एकात तर नारिंगी ठिपके. कपडे धुवायला काढताना बरण्या हाताला लागल्या तेव्हा तिनं ओरडून घर डोक्यावर घेतलं होतं आणि कचरा उचलायच्या चिमट्यानं एकेक बरणी पिशवीत टाकली होती. लेक रडली नाही, भांडली नाही. पुढच्या आठवड्यात बरण्या खिडकीत आल्या, उघड्यावर, ओळीनं मांडलेल्या. ती रोज पडदा ओढून घ्यायची आणि लेक रोज तो सरकवायची. एवढ्यावर आई-लेकीचं वर्षानुवर्षं भागलं. सरांना मात्र बुरशी हा शब्दच सहन होत नसे. पाहुण्यांना ते सांगत, "तिला जीवशास्त्रात गोडी आहे." गोडी म्हणताना ते जिभेनं वरच्या दातांची आतली बाजू चाटत. हे तिला आजवर दिसलं नव्हतं का? दिसत असणारच. आता बसमध्ये बसल्या बसल्या ती जीभ डोळ्यांसमोरून हलेना.

लॅबमध्ये पाय टाकला तोच पॉलिशवाली ओरडली, "आली बघा स्टारची आई!" पॉलिशवाली म्हणजे तिच्या शेजारच्या टेबलावर कवळ्यांना चकाकी देणारी बाई. दिवसभर फिरत्या चाकाशी बसून तिच्या भुवयांवर पांढरी पूड जमलेली असे. "भिंतीवर बघितलं बरं का आम्ही. काय दात आहेत गं तुझ्या लेकीचे! तूच केलेस की काय?" आणि स्वतःच्याच विनोदावर खदखदून हसली. तीही हसली. हसावंच लागतं. मग टेबलाशी बसून तिनं काल अर्धवट ठेवलेलं काम पुढ्यात घेतलं. प्लास्टरच्या हिरड्यांवर मेणाचा कठडा, त्यात एकेक दात गरम सुरीनं बसवायचा. हे काम मेणात असतं तोवर कवळी तोंडात घालून दाखवतात. माणूस आरशात बघतो, चावून बघतो, नको म्हणतो, हवं म्हणतो, आणि मगच ती पक्की होते. बऱ्याचदा नको म्हणणारं माणूस वेगळंच असतं. डॉक्टर चिठ्ठी पाठवत, मुलाचं म्हणणं दात अजून पांढरे हवेत, सुनेला वाटतं पुढचे दोन जरा लहान करा. ज्याच्या तोंडात ते आयुष्यभर राहणार ते म्हातारं माणूस गप्प बसून असतं, तोंड उघडं ठेवून. ती सगळ्यांचं ऐकायची. पांढरे हवेत तर पांढरे. आज सुरी मेणात शिरली आणि मेणाचा तो गोडसर, जळका वास आला तशी ती उठली, मोरीपाशी गेली आणि तोंडात आलेलं आंबट पाणी थुंकली. थुंकीकडे बघत राहिली. पॉलिशवाली मागून म्हणाली, "बरं नाही का गं?" "पित्त झालंय," ती म्हणाली.

पित्त नव्हतं. तिला मोठं कॉलेज आठवत होतं. ती आणि लेक ते बघायला गेल्या तेव्हा तिनं नवे बूट घातले होते आणि टाचा सोलून निघाल्या तरी दिवसभर ती हवेत होती. काय तो जिना. काय ती उंच दारं. माहिती सांगायला एक मुलगी नेमलेली होती. ती उलटं चालत चालत, पालकांकडे तोंड करून, पाठ केलेलं बोलायची आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी हसायची. जिकडे तिकडे भिंतीवर नाव काढलेल्या विद्यार्थ्यांचे फोटो. स्वच्छतागृहात फुलांचा वास, इतका दाट की श्वास घेतला की जिभेवर बसायचा. लेकीनं त्या मुलीला विचारलं होतं, "प्रयोगशाळेत पहिल्या वर्षाला काम करता येतं का?" मुलगी उलटं चालतच म्हणाली, "पहिली दोन वर्षं पाया पक्का करतात. प्रयोगशाळा काचेतून बघता येते." आणि हसली. काचेच्या पलीकडे पांढऱ्या अंगरख्यातली माणसं वावरत होती, अलीकडे पालकांनी काचेला नाकं लावली होती. तिनंही लावलं होतं. लेक मागे भिंतीला टेकून उभी होती. आता तिला आठवलं, तिनं नाक काढलं तेव्हा काचेवर तिच्या श्वासाचा ठसा उमटला होता, शेजारी दुसऱ्या पालकांचे, सगळे धुरकट, ओलसर, आणि ती माहितीवाली मुलगी खिशातून फडकं काढून ते सराईतपणे पुसत पुढे गेली होती.

आणि तिकडचं कॉलेज. रात्रभर गाडी, मग बस, मग चढाची वाट. इमारत बघून तिचं मन खट्टू झालं होतं. सरकारी दवाखान्यासारखी, पिवळ्या रंगाची. स्वागताला कुणी नाही. एका लांब बोळातून जात त्या एका खोलीत शिरल्या, तिथं बुरशी शिकवणाऱ्या बाई बसल्या होत्या, ऐसपैस अंगाच्या, केस विंचरायचे राहिलेल्या, एका हातात चावलेलं सँडविच आणि दुसऱ्या हातात काचेची थाळी. म्हणजे एका हातानं खात होत्या आणि दुसऱ्या हातात ते. तिला तिथंच उमासा आला. बाईंनी बसा म्हटलं नाही. थाळीचं झाकण काढून लेकीसमोर धरली आणि विचारलं, "कशाचा वास येतो?" लेकीनं नाक जवळ नेलं. "ओल्या पुठ्ठ्याचा," ती म्हणाली, आणि लगेच, "नाही, चुकलं. सफरचंद सोलून ठेवल्यावर येतो तसा." बाई म्हणाल्या, "माझंही अजून ठरत नाही. दर खेपेला वेगळाच वाटतो." आणि दोघी हसल्या. लेकीचा ओठ दातावर अडकला आणि सुटला. मग बाईंनी सँडविच खाली ठेवलं, हात धुतले, आणि लेकीला म्हणाल्या की आमच्याकडे विद्यार्थी बेताचेच, त्यामुळे पहिल्या महिन्यापासून सगळ्यांना हातानं काम करावं लागतं, नाही केलं तर लपायला जागा नाही. लेक त्या दिवशी खानावळीत दोनदा भात वाढून घेऊन जेवली. परतीच्या गाडीत तिनं लेकीशी एक अक्षर काढलं नाही. ज्या हसण्यावर आपला हक्क, ते कुणा उष्ट्या हाताच्या बाईनं पहिल्याच भेटीत काढून घ्यावं, हे तिला पचत नव्हतं. पचत नव्हतं हे तेव्हा कळलं नाही, गाडीचं हलणं बाधलं असं वाटलं.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा सर टेबलाशी बसून मुलांचे पेपर तपासत होते. लाल पेनाचं टोपण दातात धरलेलं. "बघितलास का बोर्ड?" टोपण न काढताच त्यांनी विचारलं. "दात कुणी बदलले?" ती म्हणाली. "कुठले दात?" "लेकीचे. फोटोतले." "हां, ते होय," सर मोकळे झाले, "अगं, छापणाऱ्यानं विचारलं, आहे तसा ठेवू की सरळ करू. म्हटलं कर सरळ. एवढ्या मोठ्या आकारात डोळ्यांवर येतं ते." "ते म्हणजे?" "तो दात गं. तू कशाला चिडतेस? तुझा तर धंदाच आहे तो." टोपणावर सरांच्या लाळेची चकाकी होती. तेवढ्यात आतल्या खोलीतून लेक दारात येऊन उभी राहिली. हातात बरणी होती, नेहमीप्रमाणे. "आई, तुला दात दिसले?" तिनं विचारलं. "न दिसायला काय झालं? मी बघताक्षणी ओळखलं. म्हटलं हे माझ्या लेकीचे दात नव्हेत." तिला वाटलं लेकीला बरं वाटेल. लेक म्हणाली, "आणि खाली काय लिहिलंय ते नाही दिसलं?"

खाली मोठ्या कॉलेजचं नाव होतं. फोटोहून थोडं लहान, पण ठळक, आणि त्याच्याखाली क्लासचं नाव, आमच्याच घरची गुणवंत, प्रवेश निश्चित. दिसलं होतं. वाचलंही होतं. पण ते जणू ठरलेलंच असल्यासारखं तिच्या नजरेवरून घसरून गेलं होतं. दात खोटा आहे हे एका नजरेत कळलं, आणि त्याच्याखालची अख्खी ओळ खोटी आहे हे दिवसभरात एकदाही मनात आलं नाही. "लिहिलंय ते होईलच गं," सर म्हणाले, "या वयात मुलं बोलतात असं. मग जातात मुकाट्यानं. मी हजार मुलं बघितलीत. आणि परवा कार्यक्रम ठेवलाय आपण हॉलमध्ये, सगळे पालक येणार आहेत. चॅम्पियन, तुला पण दोन शब्द बोलायचे आहेत हां." लेक म्हणाली, "बोलेन की." इतकं सहज, की सर खूश झाले.

त्या रात्री जेवण तिच्या घशाखाली उतरलं नाही. समोर सर जेवत होते आणि तिला त्यांचं जेवणं ऐकू येत होतं. जबडा डाव्या बाजूनं जास्त चालायचा, कारण उजवीकडची दाढ त्यांनी काढून टाकली होती, आणि दर दोन-तीन घासांनी त्या मोकळ्या जागेत अडकलेलं जीभ जाऊन टोकरून आणायची. इतकी वर्षं हा माणूस असंच जेवतो. क्लास असाच चालवतो, लेकीच्या मार्कांवर असाच जगतो, डाव्या बाजूनं चावत. आणि आपण? आपण भांडी पुसत होतो आणि म्हणत होतो, आपला नंबर लागला. लेकीच्या यशाचा लहानसा तुकडा आपणही रोज तोंडात धरून होतोच ना, लॅबमध्ये पॉलिशवालीसमोर, बहिणीला फोनवर. तिला ते सगळं एकदम घाण वाटलं. टेबल, टेबलावरचं प्लास्टिक, प्लास्टिकवरचे ताटाखालचे ओलसर गोल, सरांचं टोपण, स्वतःचे मेणाचा वास येणारे हात. खिडकीतल्या बरण्या तेवढ्या स्वच्छ दिसत होत्या. निदान आत काय वाढतंय ते त्या लपवत तरी नव्हत्या. लेकीनं जावं, असं तिला पहिल्यांदा वाटलं. नुसतं जावं नव्हे, आपण तिला पाठवावं. या शेवटच्या विचारानं तिला इतकं बरं वाटलं, की ती उठून ग्लासभर पाणी प्यायली. आपण बोलायचं. सगळ्यांसमोर. आपण किती शूर आहोत याची चव तिच्या तोंडात रेंगाळायला लागली, आणि ती चव तिला गोड लागली, याची मात्र तिला अजिबात किळस आली नाही.

हॉल गच्च भरला होता. प्लास्टिकच्या खुर्च्यांवर पालक, त्यांच्या मांड्यांवर कागदी बशा, बशीत केक. कार्यक्रमाआधीच केक वाटला होता, म्हणजे लोक थांबतात, असं सरांचं म्हणणं. सगळीकडे तोंडं चालू होती. क्रीम ओठांच्या कोपऱ्यांत जमत होतं, बोटं चाटली जात होती, आणि त्या चालत्या तोंडांतून लेकीचं नाव ऐकू येत होतं, केकबरोबरच चघळलं जात असल्यासारखं. मंचावर मागे तोच फोटो, तेच दात. पुढे सर, माईक, टेबलावर फुलांचे गुच्छ. ती आणि लेक शेजारी शेजारी बसल्या होत्या. लेकीचे ओठ किंचित हलत होते. घाबरलीय बिचारी, तिला वाटलं. लेकीच्या गुडघ्यावर तिनं हात ठेवला. लेकीनं पाय हळूच बाजूला घेतला. सर रंगात आले होते. "आमच्याकडे अपघातानं काही होत नाही. पहिल्या दिवसापासून ठरलेलं असतं, कोण कुठे जाणार." टाळ्या. "आता चॅम्पियन स्वतः बोलेलच. पण त्याआधी जिनं हिला घडवलं, त्या माउलीचे दोन शब्द." माईक तिच्या हातात आला. त्याची जाळी ओलसर होती, सरांच्या श्वासानं. तिनं तो तोंडापासून लांब धरला. सरांनी सकाळी सांगून ठेवलेलं वाक्य, तिला लहानपणापासून मोठ्या कॉलेजचं स्वप्न होतं वगैरे, आठवत होतं. "माझी लेक मोठ्या कॉलेजात जाणार नाहीये," ती म्हणाली. तोंडं थांबली. हे थांबणं तिला सुखाचं वाटलं. "बोर्डावर लिहिलंय ते खोटं आहे. ती लांबच्या एका कॉलेजात जाणार आहे, मध्यमच आहे ते, कुणाला माहीत नाही. तिला बुरशीचा अभ्यास करायचाय. आणि मी तिला पाठवणार आहे."

मग सर हसले. मोठ्यानं, मान मागे टाकून, वर्गात चुकीचं उत्तर आल्यावर हसत तसे. तिच्या हातातला माईक त्यांनी अलगद काढून घेतला. "बघितलंत? आईची माया! लेक मोठी झाली, डोळ्यांसमोरून जाणार, की आईला सुचतं, तिला आत्ताच लांब पाठवून देते, म्हणजे एकदाच काय ते रडून घेते!" याचा अर्थ काय होता देव जाणे, पण सभागृह हसलं. बायका पदराला, रुमालाला डोळे पुसत हसल्या. पुढच्या रांगेतल्या एकानं "वा वहिनी" म्हणून टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच टाळ्या वाजवल्या. आपण खरं बोललो ते यांनी केकबरोबर गिळलं आणि ढेकर दिली. सरांनी लेकीकडे माईक केला. लेक उठली. माईकपाशी आली. तिनं समोर बघितलं, आईकडे बघितलं, आणि म्हणाली, "सगळ्यांचे आभार." आणि खाली बसली.

घरी दोघी पायी निघाल्या. सर मागे थांबले होते, लोकांशी हात मिळवायला. दिवेलागण झाली होती, दुकानांची शटर्स अर्ध्यावर आली होती. ती वाट बघत होती. निदान हात तरी धरेल. लेक दोन पावलं पुढे चालत होती. शेवटी न राहवून तीच म्हणाली, "बोलले की नाही मी? सगळ्यांसमोर बोलले." "हो," लेक म्हणाली. "तुला आवडलं नाही का?" लेक थांबली. "आई, मी तिकडच्या कॉलेजला परवाच कळवलंय, येते म्हणून. सगळं झालंय. आज मला फक्त बाबांना सांगायचं होतं. घरी सांगितलेलं त्यांना ऐकू येत नाही. माईकवर बोललेलं येतं. म्हणून मी बोलेन म्हटलं ना परवा. दोन दिवस पाठ करत होते." "मग बोलायचंस की!" "काय बोलणार? तुझं झाल्यावर? सगळे हसत होते. तेच वाक्य मी परत म्हटलं असतं तर आईनं शिकवून ठेवलंय म्हणाले असते." ती म्हणाली, "अगं, पण मी तुझ्या बाजूनं बोलले." "माझी बाजू मला आहे गं," लेक म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, थकलेला होता. "बाबा मला इथं ठेवून शाबासकी घेणार. तू मला तिकडे पाठवून ती घेतलीस. 'मी तिला पाठवणार आहे.' तू नाही पाठवत आहेस मला, आई. मी चाललेय."

ती फुटपाथवर उभीच राहिली. मंचावर माईक हातात आल्यावर जे सुख झालं होतं त्याला आता सरांच्या केकच्या क्रीमचा वास होता. इतके दिवस तिला सरांच्या तोंडाची किळस येत होती. आपलं तोंड माणसाला स्वतःला दिसत नाही, एवढाच काय तो फरक. "मग मी काय करायला हवं होतं?" तिनं विचारलं. लेकीनं खरंच विचार केला. "काही नाही," ती म्हणाली, "नुसतं बसायचं होतंस शेजारी." मग दोघी पुढे चालू लागल्या. कोपऱ्यावर रस्ता ओलांडताना लेकीनं तिचा दंड धरला, गाडी येत होती म्हणून, आणि पलीकडे गेल्यावर सोडला.

सर घरी आले ते उरलेला केक आणि एक गुच्छ घेऊन. मिशीच्या टोकाला क्रीम वाळून चिकटलं होतं. "मस्त झाला कार्यक्रम," बूट काढता काढता ते म्हणाले, "तुझी ती गंमत तर लोकांना जाम आवडली. दोन जणांनी नावं नोंदवली तिथल्या तिथं. काय म्हणतेय चॅम्पियन?" लेकीच्या खोलीचं दार लावलेलं होतं. आतून काहीतरी जड घसरल्याचा आणि मग धप्पकन पडल्याचा आवाज आला; कपाटावरची मोठी बॅग खाली ओढली होती. "काय पडलं गं?" सरांनी विचारलं. तिला माहीत होतं. उत्तर अगदी ओठांपर्यंत आलं, त्याच्या पाठोपाठ समजावणंही आलं, आणि रडणंही. तिनं ते सगळं एकदम गिळलं. "तिला विचारा," ती म्हणाली. सर हसले. मग तिच्याकडे बघून हसायचे थांबले. केकचा खोका हातात तसाच धरून ते दारापर्यंत गेले. या घरात कुणी कुणाचं दार ठोठावत नसे, ढकलत असत. त्यांनी हात दारावर ठेवला, काढला. परत वळून कुजबुजले, "तूच विचार ना." तिनं नाही म्हणून मान हलवली. सर पुन्हा दाराकडे वळले. क्लासमध्ये हजार मुलांना प्रश्न घातलेला माणूस, पण ज्याचं उत्तर आपल्याला ठाऊक नाही असा प्रश्न त्यांनी आजवर कुणाला विचारला नसावा. "अगं," अखेरीस ते दाराला म्हणाले, "कुठे निघालीस तू?" आतून लेकीनं कॉलेजचं नाव सांगितलं, पूर्ण, गावासकट. सरांच्या कपाळाला आठी पडली. "काय? पुन्हा सांग." ते नाव त्यांना खरोखरच माहीत नव्हतं. आणि लेक दाराआडून ते पुन्हा सांगू लागली, न चिडता, एकेक शब्द सुटा करून, वर्गातल्या सर्वांत कच्च्या मुलाला सांगावं तसं.